पंचावन्नच्या खालची हवा

"मॅडम, गाडी उचलत नाही," ढमालेमामा म्हणाले. "रेस पार तळाला टेकवलीय, पण इंजिन ऐकूनच घेत न्हाई."

मामा त्या वेळी लडाखमध्ये एका खिंडीच्या खाली होते. पाच हजार मीटरच्या जरा वर, सोळा टन वाळूची पोती भरलेल्या ट्रकमध्ये. मी आयर्लंडमध्ये शॅननला, आमच्या घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत, लॅपटॉपसमोर बसले होते. माझ्याकडे सकाळचे साडेसात वाजत होते आणि त्यांच्याकडे दुपारचे बारा. २०२१चा जुलै होता.

"गाडी आता उभी आहे ना?" मी विचारलं.

"उभी हाय. हँडब्रेक लावलाय, चाकांना दगड लावलेत. दिवा पेटलाय पिवळा."

हा पिवळा दिवा म्हणजे माझ्या पोटापाण्याचा विषय. मोठ्या डिझेल इंजिनाला किती डिझेल द्यायचं, कधी द्यायचं, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. त्याच्या आत हजारो आकडे भरलेले असतात. ते आकडे ठरवणं याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि गेली बारा वर्षं मी तेच करते. आधी पुण्यात, मग शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत. ईसीयूला काही बिघडलंय असं वाटलं की तो पिवळा दिवा लावतो.

एरवी मी त्या ट्रकमध्येच बसलेली असते. नवी गाडी बाजारात आणण्याआधी तिला वाळवंटात, बर्फात आणि उंचीवर नेऊन चालवतात, आणि तेव्हा आमच्यापैकी कोणीतरी ड्रायव्हरशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन असतं. त्या वर्षी प्रवासाचे नियम असे होते की जाणं अवघड आणि परत येणं त्याहून अवघड. विमानतळाच्या गावात राहूनही आम्हाला दिवसचे दिवस विमानाचा आवाज ऐकू येत नसे. म्हणून ठरलं की ट्रक चालवायचा पुण्याच्या ट्रायल टीमने, आणि आकडे बघायचे मी घरून. ट्रकमध्ये एक डबा बसवला होता. जिथे रेंज असेल तिथे तो दर काही सेकंदांनी आकडे पाठवायचा.

टीम म्हणजे दोनच माणसं. ट्रायल इन्चार्ज नदीम इनामदार, माझा पुण्यातला जुना सहकारी, मागून जीपने येत होता. ट्रकवर ढमालेमामा. मूळचे मुळशीकडचे, वय सत्तावन्न, आणि त्यातली पंचवीस वर्षं टेस्ट ड्रायव्हर. मी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. दहा दिवस फक्त फोनवर आवाज ऐकत होते. जीपचा लडाखी ड्रायव्हर वळणावर उभा राहून इतर गाड्या थांबवायचं काम करत होता.

मी शेवटच्या वीस मिनिटांचे आकडे उघडले. आधी सगळं ठीक दिसलं. ट्रक पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चढत होता. हवेचा दाब कमी कमी होत होता. त्याची गंमत अशी की समुद्राकाठी हा आकडा साधारण शंभर असतो. महाबळेश्वरला शहाऐंशीच्या आसपास. मामा होते तिथे तो पंचावन्नला आला होता. म्हणजे आपण इथे घेतो त्या श्वासात जेवढी हवा असते, तिच्या निम्म्याहून जराच जास्त. माणसाला जसा तिथे दम लागतो तसाच इंजिनालाही लागतो. म्हणून उंची वाढेल तसं ईसीयू दाब बघून डिझेल कमी करतो. नाहीतर नुसता काळा धूर निघतो आणि इंजिनात हवा कोंबणारा टर्बो प्रमाणाबाहेर फिरून मोडतो.

पंचावन्न. मग चौपन्न पूर्णांक नऊ. चौपन्न पूर्णांक आठ. दीड मिनिट असंच. आणि मग एकदम शंभर.

पुढे सगळे शंभरच. एकही दशांश न हलता.

ट्रक एका क्षणात लडाखवरून समुद्राकाठी येत नाही. मला कळलं काय झालंय. ईसीयूने ठरवलं होतं की चौपन्न पूर्णांक आठ हा आकडा खरा असूच शकत नाही, दाब मोजणारा सेन्सर खराब झालाय. म्हणून त्याने सेन्सरचं ऐकणं बंद केलं, स्वतःच्या मनाने शंभर धरले आणि इंजिनाची ताकद एक तृतीयांशावर आणली. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत घरी जाण्यापुरती ताकद. सपाट रस्त्यावर ती पुरते. सोळा टन घेऊन घाट चढायला नाही.

दाब पंचावन्नच्या खाली गेला तर सेन्सर बिघडला असं समजावं, हे ईसीयूला कोणीतरी सांगितलेलं होतं. कोणी, ते मला शोधावं लागलं नाही. तो आकडा मीच टाकला होता.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दगडखाणीतल्या टिपरसाठी हेच सॉफ्टवेअर केलं होतं. ते टिपर आयर्लंडमध्ये आणि आल्प्समध्ये चालणार होते. आयर्लंडचं सगळ्यात उंच शिखर महाबळेश्वरपेक्षा बुटकं आहे. आल्प्सचे रस्तेही सत्तरच्या खाली नेत नाहीत. मग पंचावन्न म्हणजे भरपूर मोकळीक ठेवली, असं मला वाटलं होतं. पुढे या नव्या ट्रकसाठी जुन्या फाइलची कॉपी झाली. उंचीचे मोठे मोठे तक्ते आम्ही सगळे नव्याने केले. हा एक आकडा कोणी उघडून पाहिला नाही. मीही नाही.

खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं. कारण माहीत नसलेल्या बिघाडापेक्षा स्वतःची चूक परवडते. निदान ती कुठे आहे ते माहीत असतं.

मी इनामदारला फोन लावला.

"नदीम, सेन्सर ठीक आहे. चूक सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझी आहे."

"ते नंतर बघू," तो म्हणाला. त्याचा आवाज जड येत होता. "आधी इथून हलायचं कसं ते सांग. रिव्हर्स घेता येणार नाही. रस्ता एका गाडीपुरता आहे, मागे दोन वळणं, आणि उजव्या बाजूला काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"दरी आहे."

"आणि पुढे?"

"पुढे एक हेअरपिन आहे, जवळजवळ उलटं फिरवणारं वळण, त्याच्या वर सपाट जागा. तिथे गाडी वळवता येईल. आणि रेवती, मागे सहा किलोमीटरवर नाला ओलांडून आलोय. दुपारी बर्फ वितळलं की त्याला पाणी चढतं. अडीचच्या आत आम्हाला परत पलीकडे जायला हवं. नाहीतर रात्र इथेच."

इतक्या उंचीवर रात्र काढणं म्हणजे नुसती गैरसोय नाही. तिथे डोकेदुखीपासून सुरुवात होते आणि पुढे फुफ्फुसात पाणी होऊ शकतं. "तुझं डोकं दुखतंय का?" मी विचारलं.

"सकाळपासून," तो म्हणाला. "थोडं."

मी माझ्या बॉसला, फिनबारला, उठवलं. तो जवळच्या एनिस गावात राहतो. चाळीस वर्षं इंजिनांत घालवलेला माणूस, कमी बोलतो. मी दोन मिनिटांत सगळं सांगितलं. पंचावन्न माझे होते हेही सांगितलं.

"युअर मॅन अप देअर," त्याने पहिलं हेच विचारलं, "ठीक आहे ना तो?" इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस'.

"ड्रायव्हर ठीक आहे. इन्चार्जचं डोकं दुखतंय."

"वाळू उतरवता येईल?"

"तीनशे वीस पोती आहेत. तिथे बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते."

"मग नाही." तो म्हणाला. "आणि तू आता मला विचारणार की आकडा बदलून नवीन सॉफ्टवेअर पाठवू का."

मी तेच विचारणार होते. इनामदारकडे लॅपटॉप होता, केबल होती. फाइल करायला मला दहा मिनिटं लागली असती.

"उतारावर उभ्या असलेल्या भरलेल्या गाडीत मी सॉफ्टवेअर घालू देणार नाही," फिनबार म्हणाला. "मध्येच रेंज गेली किंवा बॅटरी बसली तर ती गाडी म्हणजे एक मोठा दगड होईल. जे आहे त्यातूनच काहीतरी काढ."

त्याचं बरोबर होतं. मला पटायला अर्धं मिनिट लागलं.

लॉकडाउनपासून ऑफिसचा एक टेस्ट सेट माझ्या घरी होता. ईसीयू, त्याच्या वायरी, आणि खोटे सेन्सर म्हणून छोटी बटणं असलेला एक डबा. बटण फिरवलं की ईसीयूला वाटतं आपण डोंगरावर आहोत. घरात जागा नसल्याने तो मी हॉट प्रेसमध्ये ठेवला होता. हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरात गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, ज्यात लोक टॉवेल वाळवतात. टॉवेल बाजूला केले आणि जमिनीवर बसले.

दाब चौपन्नवर आणला. बरोबर नव्वद सेकंदांनी दिवा पेटला. ईसीयू लगेच आरोप करत नाही. तो नव्वद सेकंद खात्री करून घेतो. मग मी चावी बंद केली, परत चालू केली. दिवा गेला. दाब पुन्हा खरा दिसायला लागला, ताकद पूर्ण. नव्वद सेकंद. मग परत दिवा.

म्हणजे दर वेळी गाडी बंद करून चालू केली की सेन्सरला नव्याने संधी मिळत होती, आणि मामांना दीड मिनिट.

पाच वेळा करून पाहिलं. दोन गोष्टी कळल्या. चावी बंद केल्यावर चाळीस सेकंद थांबावं लागतं, कारण ईसीयू तेवढा वेळ झोपी जायला घेतो. आणि नव्वद सेकंद मोजायला सुरुवात चावी फिरवल्यावर होत नाही, इंजिन सुरू झाल्यावर होते.

माझी मुलगी इरा, सात वर्षांची, जिन्यात उभी राहून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र शॅननच्या इंग्लिशमध्ये येतं.

"इज युअर मॅन स्टक?" तिने विचारलं.

"हो. सीरियल स्वतः घे, दूध फ्रिजमध्ये आहे."

फिनबारला सांगितलं. त्याने दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "ड्रायव्हरला विचार. तो नको म्हणाला तर नको."

मी मामांना सगळं समजावलं.

"म्हंजे दीड मिनिट गाडी आपली, मग ती रुसणार," ते म्हणाले.

"हो. रुसायच्या आत तुम्ही थांबायचं. बंद करायची, चाळीस सेकंद मोजायचे, परत चालू."

"एक अडचण हाय."

"सांगा."

"हवा. ब्रेकची."

मला चटकन कळलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं. मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. टाकीत हवा भरलेली असेल तरच हँडब्रेक सुटतो. दर वेळी तो लावला-सोडला की हवा खर्च होते, आणि ती परत भरणारा कॉम्प्रेसर तीच पातळ हवा ओढत असतो, त्यामुळे टाकी भरायला खाली लागतो त्याच्या दुप्पट वेळ. "गाडी चालू केल्यावर मी हवा भरायची वाट बघत बसलो, तर तुमचं दीड मिनिट तिथंच संपलं."

बारा वर्षांत मी ब्रेकच्या हवेचा विचार कधी केला नव्हता. तो माझा विभाग नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग उलटं करू. दिवा पेटला तरी उभ्या गाडीला काय फरक पडतोय? तशीच चालू ठेवतो, टाकी गच्च भरतो. मग बंद. तुमचे चाळीस मोजायचे. चालू केली की हवा तयार, लगेच निघायचं."

माझ्या उपायातलं भोक त्यांनी दोन वाक्यांत बुजवलं होतं.

मग ते उतरून चालत वर गेले. पावलं मोजत. सपाट जागेपर्यंत तीनशे चाळीस पावलं भरली. त्यांनी चार टप्पे केले आणि प्रत्येक ठिकाणी रस्त्याच्या कडेला एकावर एक तीन दगड रचले. ओली माती असेल तिथे टप्पा ठेवला नाही. तिसऱ्या टप्प्यात हेअरपिन होता, तो त्यांनी सगळ्यात आखूड ठेवला. परत आले तेव्हा फोनवर बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता.

"निघू का, मॅडम?"

"तुमच्या मनाने निघा. मी वेळ सांगते."

इंजिनाचा आवाज आला. मी स्टॉपवॉच दाबलं. हँडब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज, मग जोर. वीस. चाळीस. साठ. "आलो दगडापाशी," मामा म्हणाले. सदुसष्ट सेकंद.

मग पाच मिनिटं टाकी भरायला. त्या पाच मिनिटांत ते मला विचारत होते की आयर्लंडात बाजरी मिळते का. मी म्हटलं, लिमरिकला मिळते, भाकरी मात्र चांगली होत नाही. ते म्हणाले, पाणी उकळून घ्या पिठात.

दुसरा टप्पाही नीट गेला.

तिसऱ्याला हेअरपिनवर मागचं चाक खडीत फिरलं. आवाजावरूनच कळलं, इंजिन ओरडलं, पण गाडी पुढे सरकली नाही. मी सेकंद सांगत होते. सत्तर. पंचाहत्तर. ऐंशी. "मामा, थांबा."

"वळणावर नाय थांबत," ते म्हणाले. "दोन हात राहिलंय."

पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. फुस्स. हँडब्रेक लागला.

"थांबलो. सरळीला आलो. दगड अजून पंधरा पावलं पुढं हाय, राहू दे त्याला." लगेच त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला चाकामागे दगड लावायला सांगितलं, हिंदीत, अगदी सावकाश. स्टॉपवॉच बंद करायचं राहून गेलं होतं.

मग चारऐवजी पाच टप्पे झाले. आमच्याकडे नऊ वाजून दहा मिनिटांनी मामांनी सांगितलं की गाडी सपाटीवर आहे आणि तोंड खाली वळलंय.

"इज द ट्रक ग्रँड नाऊ?" इराने विचारलं. ती तोपर्यंत माझ्या शेजारी जमिनीवर सीरियलचा बाउल घेऊन बसली होती.

"ग्रँड," मी म्हटलं, म्हणजे इथल्या भाषेत एकदम ठीक.

उतरताना मामांनी चढतानाचाच गिअर ठेवला, कारण पातळ हवेत इंजिनाचा ब्रेकही कमी पकडतो. सव्वादोनला दोन्ही गाड्या नाल्यापलीकडे होत्या. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं, इनामदारने नंतर फोटो पाठवला. खाली मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर त्याचं डोकं दुखायचं थांबलं. त्याने चार कप चहा घेतला, असा मामांचा रिपोर्ट होता.

माझा रिपोर्ट मी दुसऱ्या दिवशी लिहिला. मर्यादा कोणी ठरवली या ओळीत माझं नाव लिहिलं. फिनबारने वाचून खाली स्वतःचं नाव टाकलं. "रिव्ह्यूवर सही माझी आहे," तो म्हणाला, आणि पुण्याच्या क्लायंटबरोबरच्या, म्हणजे ट्रक बनवणाऱ्या कंपनीबरोबरच्या मीटिंगमध्येही त्याने ते तसंच सांगितलं. क्लायंटच्या मॅनेजरने दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं की नवीन सॉफ्टवेअर कधी. आठवड्याभरात, आम्ही म्हटलं.

आता नवी मर्यादा ठरवायची होती. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं की पन्नास ठेवू. खिंडीच्या माथ्यावर हिशेबाने बावन्न भरत होते, पन्नास म्हणजे मोकळीक झाली. मी तो आकडा टाइप केला. मग हात थांबला आणि मामांना फोन लावला.

"मामा, तुम्ही आजवर सगळ्यात उंच ट्रक कुठे नेलाय?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "या खिंडीपेक्षा बरंच वर. नवीन रस्ता झालाय सीमेकडं, पूर्वी कच्चा होता. तिथं काडेपेटी पेटायला तीन काड्या लागतात."

इनामदारकडून त्या रस्त्याची उंची घेतली, हिशेब केला. दाब पन्नासच्या आगेमागे. म्हणजे पन्नास टाकले असते तर कोणीतरी पुन्हा तिथेच दगड रचत बसलं असतं, आणि तेव्हा कदाचित रेंजही नसती.

मर्यादा चाळीस केली. मुद्दाम खोटे बिघाड घालून पाहिले. खरोखर मोडलेला सेन्सर चाळीसवरही पकडला जातो. मग मामांनी तोच ट्रक, त्याच पोत्यांसकट, खिंडीवरून पलीकडे नेला आणि परत आणला. दिवा पेटला नाही. उंचीच्या चाचणीच्या यादीत आम्ही ब्रेकच्या टाकीचीही एक ओळ वाढवली.

आमच्या फॉर्ममध्ये आता प्रत्येक मर्यादेपुढे एक रकाना असतो: हा आकडा कोणाला विचारून ठरवला. चाळीसच्या पुढे मी मामांचं पूर्ण नाव लिहिलं. त्या वर्षाच्या शेवटी ऑडिटर आला तेव्हा त्याने त्या नावावर बोट ठेवलं.

"हे कोण? यांचं डेसिग्नेशन लिहिलेलं नाही."

मी लिहून दिलं, ड्रायव्हर.

त्याने ते पुन्हा एकदा वाचलं आणि विचारलं की आकड्यासाठी ड्रायव्हरला का विचारलं.

"आमच्यापैकी तिथे कोणी गेलेलं नव्हतं," मी म्हटलं.

त्याने टिक केलं आणि पान उलटलं.